आयच्या उजव्या अंगठ्याचं नख

माझा धंदाच नखांचा. मरोळला एका पार्लरमध्ये मी गेली कैक वर्षं बायकांची नखं भिजवते, घासते, रंगवते, आणि ज्यांना देवाने दिलेली पसंत नाहीत त्यांना वरून दुसरी चिकटवून देते. खडे लाव, फुलं काढ, नवऱ्याच्या नावाचं अक्षर काढ, सगळं करते. तोंड गोड ठेवते, कारण पोट त्यावर आहे. पण खरं सांगू का? एवढी नखं हातात धरली, त्यांत सगळ्यात देखणं नख एकाही गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते माझ्या आईचं होतं, उजव्या अंगठ्याचं. त्याला जन्मात कधी नेलपॉलिश लागलं नव्हतं, आणि कोणी लावायला गेलं असतं तर तिनं त्याचा हात पिरगळला असता.

आईला आम्ही आय म्हणतो. ती मढची कोळीण. सकाळी तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, वेसाव्याला उतरायचं, तिथून टेम्पोने अंधेरीच्या मासळी बाजारात, आणि मग दुपार कलेपर्यंत ओट्यावर बसून कोळंबी विकायची. कोळंबी सगळेच विकतात. आय ती सोलून द्यायची, आणि तिचं सोलणं बघायला लोक थांबायचे. बाकीच्या बायका सुरी घेतात, कोणी छोटी कात्री. आयचं सगळं काम अंगठ्यावर. डोकं मुरगळून काढायचं, पोटाच्या बाजूने पायांच्या मधे नख घालायचं, एक रेटा द्यायचा की टरफल दोन्हीकडे उघडलं. मग पाठीवर त्याच नखाचं टोक फिरवलं की आतला काळा दोरा अख्खा बाहेर, मधे न तुटता. गिऱ्हाईक पिशवी उघडून धरतंय तोवर वाटा सोलून तयार. मी लहानपणापासून बघत आले, तरी मला त्यातली युक्ती कळलेली नाही. मी सोललेल्या कोळंबीची वाट लागलेली असते.

बाकीची नऊ नखं ती कापून टाकायची. हे एकच तांदळाच्या दाण्याएवढं पुढे ठेवलेलं, आणि त्याचा एक कोपरा जरासा टोकदार. तो तिनं घासून केलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या कोळंब्यांनीच तो घडवला होता. नख रुंद, जाड, मधे किंचित फुगीर. उजेडात धरलं की त्यावर उभ्या बारीक रेघा दिसायच्या. मुळाशी अर्धा चंद्र, तोही चांगला ठसठशीत. पार्लरमध्ये बायका तासभर बसून, पैसे मोजून जो गुलाबी रंग मागतात, तो हिच्याकडे फुकटात होता.

त्या रंगाची एक गंमत आहे. मी हे काम शिकले तेव्हा आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नखाला स्वतःचा रंगच नसतो. नख काचेसारखं आरपार, गुलाबी दिसतं ते खालचं रक्त. आणि दुसरी गोष्ट सांगितली ती ऐकून मी वहीत लिहायचं सोडून स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. जे दिसतं ते सगळं मेलेलं असतं, म्हणाल्या. जिवंत काय ते मुळाशी, कातडीच्या आत. तिथे पेशी तयार होतात, एकमेकींवर दाबल्या जातात, चपट्या होतात, कडक होतात, मरतात, आणि मागून येणाऱ्या त्यांना पुढे ढकलतात. गाईचं शिंग, घोड्याचा खूर, पक्ष्याचं पीस आणि आपले केस ज्याचे बनतात त्याचंच नख बनतं. तो पांढरा चंद्र म्हणजे त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. आणि हे काम आपण आईच्या पोटात असतो तेव्हापासून चालू असतं, एक दिवस सुट्टी नाही. मला तर वाटलं, अगं बाई, आपण याला नुसतं कापून फेकतो!

घरी येऊन मी आयला सगळं सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, "मेलेला हाय तर मंग सोलते कोन गो?"

ती पासष्टीच्या पुढे गेली आणि तिच्या छातीत गाठ निघाली. कर्करोग. तो शब्द आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, आयनेच बोलून टाकला. बाजारात शेजारच्या ओट्यावर बसणाऱ्या मावशीला तिनं असं सांगितलं जणू पापलेटचा भाव सांगतेय. गाठ काढली. ते ती निमूट सोसून आली. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून औषधाचं सांगितलं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यायचं, असे काही डोस. केस जातील, तोंडाची चव जाईल, थकवा येईल. आय मान हलवत होती. केस म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर ओढून दाखवला, म्हणजे हा आहे ना झाकायला, झालं. मग बाई म्हणाल्या, "आणि या औषधाने नखांना त्रास होतो. काळी पडतात, सैल होतात. कोणाकोणाची निघूनही येतात."

आय ताठ झाली. "कंची नखं?"

"हातापायांची. पण नंतर येतात परत, घाबरू नका."

"नंतर म्हंजी कवा?"

"पूर्ण नख यायला पाच-सहा महिने लागतात. औषध चालू असताना जरा जास्तच."

आयने स्वतःचा उजवा अंगठा मुठीत घेतला आणि म्हणाली, "मंग मना ती दवा नको." आणि उठली! खरंच उठली, चपला शोधायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. म्हटलं, आय, तुला कळतंय का काय बोलतेस? नख मोठं की जीव मोठा? तर ही बया शांतपणे म्हणते, "जीव कशावर चाललाय माजा? तुज्या बापाच्या मागे तुमाला कोनी मोठं केलं? या नखानं केलं." डॉक्टरीणबाईंसमोर. मला रडूही येत होतं आणि तिला फटका द्यावासाही वाटत होता.

डॉक्टरीणबाई मात्र मुळीच चिडल्या नाहीत. त्यांनी तिचा अंगठा हातात घेऊन नीट बघितला. म्हणाल्या, एक उपाय आहे. औषध आत जात असताना बोटं गार ठेवायची. गारव्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध नखाच्या मुळाशी कमी पोचतं, आणि बऱ्याच जणींची नखं वाचतात. त्यासाठी गोठवलेले हातमोजे मिळतात, पण इथे जोड्या कमी, गर्दी जास्त. तुम्ही घरून बर्फ आणलात तरी चालेल. बोटांना आधी कापड गुंडाळायचं, वर प्लास्टिकची पिशवी, आणि मधे मधे हात बाहेर काढायचा.

बर्फ म्हटल्यावर आयचा चेहरा खुलला. आयुष्य बर्फात गेलंय तिचं. "बर्फ मी आनते," ती म्हणाली. "येवडंच ना?" आणि अशा तऱ्हेने माझी आई औषध घ्यायला तयार झाली.

आधी नखं कापायची होती, कारण औषध चालू असताना वाढलेली नखं कशात अडकली तर मुळापासून उचकटतात. मी पार्लरमधलं चांगलं कटर घेऊन मढला गेले. आय म्हणाली, आज शनिवार, आज नाही. रविवारी गेले तर म्हणे तुझ्या भावाची होडी बाहेर आहे, होडी समुद्रात असताना घरच्या बाईने नखं कापायची नसतात, माझी आजीही कापत नसे. सोमवारी होडी आली, तर म्हणे आता दिवा लागला. शेवटी मी तिला सकाळी सकाळी बाजारात गाठलं आणि ओट्यावरच बाकीची नऊ कापली. अंगठा तिनं पदरात लपवला. मी म्हटलं, अगं, थोडंच घेते, फक्त टोक. खूप वेळाने तिनं तो पुढे केला आणि तोंड फिरवून बसली. मी कातरलेला तुकडा इतका कडक होता की कटरला जोर द्यावा लागला.

पहिल्या डोसला आयने थर्मोकोलचा खोका भरून बर्फ आणला. कुठून आणणार? स्वतःच्या ओट्यावरून. कोळंबीचा खोका, कोळंबीचा बर्फ. वॉर्डात झाकण उघडलं आणि सगळ्या खुर्च्या वळून बघायला लागल्या. शेजारच्या खुर्चीवर घाटकोपरच्या एक बेन होत्या, त्यांना हेच औषध चालू होतं, आणि त्या कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्यांनी ओढणी नाकावर धरली आणि डोळे मिटून घेतले. नर्स धावत आली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आय मात्र म्हणते, "ताजा हाय गो, वास कुटे येतोय?" दुसऱ्या वेळी मात्र ती बर्फाच्या कारखान्यातून कोरी लादी फोडून, नव्याकोऱ्या स्टीलच्या डब्यांतून बर्फ घेऊन आली. एक डबा स्वतःसाठी, एक बेनसाठी. दोघी शेजारी शेजारी हात बुडवून बसल्या. बेन हिला गुजरातीत काहीतरी सांगायच्या, ही त्यांना कोळी भाषेत. दोघींना एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे, पण तासन्‌तास चालायचं.

आणि नखं टिकली होती हो! केस गेले, भुवया गेल्या, भात कडू लागायला लागला, पण नखं जागेवर होती. थोडी काळपट पडली, एवढंच. आय रोज अंगठा उन्हात धरून बघायची आणि बघून समाधानाने खाली ठेवायची. आजाराबद्दल तिनं डॉक्टरीणबाईंना कधी एक प्रश्न विचारला नाही. नखाबद्दल दर वेळी विचारायची.

मग तिची हुशारी नडली. आमच्याकडे माल लांब पाठवायचा असला, मासळी जास्त कडक गार हवी असली, की बर्फात मूठभर खडेमीठ टाकायचं, ही तिच्या आईपासूनची पद्धत. मीठ पडलं की बर्फ नुसता बर्फ राहत नाही, जास्त जहाल गार होतो. आयला वाटलं, साधा गारवा चांगला तर जास्त गारवा आणखी चांगला. कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी घेऊन आली, कोणाला न सांगता. मी चहा आणायला खाली गेले तेवढ्यात डब्यात पुडी ओतली आणि अंगठा पार तळाशी खुपसला. त्यावरचं कापडही काढलं होतं, नुसती पिशवी. कारण लाडका ना तो! त्याला जास्त गार मिळायला हवं. औषधाने तोवर तिची बोटं बधिर झाली होती, त्यामुळे दुखलंही नाही. दुखलं असतं तर हात काढला असता. बेननी तिचा अंगठा बघितला आणि ओरडल्या, तेव्हा नर्स आली. अंगठा मेणासारखा पांढरा आणि कडक झाला होता.

पुढे त्यावर फोड आला, मग नख सैल झालं. एका सकाळी साडीला अडकून अख्खं निघून आलं. मी त्या दिवशी मढलाच होते. आयने ते तळहातावर घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मी माझ्या धंद्यात नकली नखं रोज काढते आणि केरात टाकते, पण ते नख टाकून दे असं मला तिला म्हणवेना.

नख गेल्यावर कळतं ते काय करत होतं. मी एवढी शिकलेली, मलाही नीट माहीत नव्हतं. बोटाचं टोक म्हणजे मऊ मांस. आपण काही चिमटीत धरतो तेव्हा मागून नख त्याला टेका देतं, म्हणून पकड बसते, म्हणून बारीक वस्तू हाताला कळते. टेका गेला की बोट नुसतं दबतं. आयला ब्लाउजचं बटण लावता येईना, लसणीची पाकळी सुटेना, जमिनीवर पडलेली सुई उचलता येईना. कोळंबीचं तर नावच सोडा. ती रागाने हात झटकायची. सगळं मी करून द्यायचे, आणि मी करून दिलं की ती अजूनच चिडायची.

दोन डोस राहिले होते. आयने सांगून टाकलं, बस, आता नाही. "तुमच्या दवेपायी माजा हात गेला." मी म्हटलं, दवेने नाही, मिठाने गेला. हे मी बोलायला नको होतं असं मला वाटत नाही, कारण खरं होतं, पण त्यावरून आमचं असं जुंपलं की शेजारीण तिच्या घरातून आमच्या दारात आली. डॉक्टरीणबाईंनी फोनवरून समजावलं. भावाने समजावलं, तो तर तिच्या पाया पडला. आय ऐकेना. शेवटी मी तिच्या समोर जमिनीवर बसले आणि माझ्या धंद्याची सगळी विद्या पणाला लावली. म्हटलं, आय, नख गेलंय, मूळ गेलेलं नाही. तो कारखाना आत आहे, कातडीखाली. गारव्याने बसला असेल, औषधाने दमला असेल, पण मेला नाही. तो माल बनवतोच आहे, अजून दारात आलेला नाही एवढंच.

"तुला काय ठावं तो मेला नाय?"

मला खरंच माहीत नव्हतं.

तिनंच मग तोडगा काढला. म्हणाली, नख दिसू दे. एवढंसं दिसलं तरी चालेल. दिसलं तर घेते उरलेली दवा. नाही दिसलं तर माझ्या मागे लागायचं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जखम भरायला म्हणून थोडं थांबता येईल, पण फार नाही.

मग माझं सुरू झालं. पार्लर सुटलं की वेसाव्याला, तरीतून मढ, हातात आमच्या पार्लरमधला भिंग लावलेला दिवा. त्याखाली तिचा अंगठा धरायचा. लालसर, ओलसर, उघडं मांस, आणि मुळाशी कातडीची घडी. त्या घडीच्या काठावर मी डोळे लावून बसायचे. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. आय माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि हात ओढून घ्यायची.

माझ्या डोक्यात काय काय आलं नसेल! माझ्या पेटीत असलं सामान आहे की मी कोणाच्याही बोटावर नखाची नवी कोर उभी करू शकते, खऱ्याहून खरी. चंद्रासकट. पण आय काय कच्च्या गुरूची चेली? मी दिवा लावायच्या आधीच ती अंगठा कोमट पाण्यात घालून ठेवायची, आणि बाहेर काढून फडक्याने टिपायची. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "तू कायतरी चिकटवशील. ठावं हाय मना तुजा धंदा." मला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत संपत आली. मी देवाला नवस बोलले, मी, जी देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबते. त्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच पोचले. आय ओटीवर बसली होती, डोक्याला रुमाल, आणि अंगठा तोंडात. लहान पोरासारखा. मी म्हटलं, आय, जखमेला थुंकी लावतेस? काढ आधी तो! तिनं डाव्या हाताने मला गप्प केलं. डोळे मिटलेले. जीभ आत फिरत असावी, गाल हलत होता.

मग अंगठा बाहेर काढला आणि म्हणाली, "लागतंय गो."

"काय लागतंय?"

"धार."

मी दिवा लावला, भिंग धरलं. मला तरीही दिसेना. तिनं माझं बोट धरून त्या घडीवर ठेवलं. आधी नुसतं मऊ लागलं. मग अगदी काठाला, वाळूचा कण असावा तसं काहीतरी खरखरीत. मी बोट पुन्हा फिरवलं. पुन्हा लागलं. कण नव्हता, रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कातडीतून बाहेर यायला निघालेली.

मी काय सांगू! या अंगात विष चाललं होतं. डोक्यावर केस उगवत नव्हता, तोंडात फोड, पायांत ताकद नाही. वाढणारं जे जे काही असेल ते मारायला निघालेलं औषध ते. त्यातून, आणि वर तो मिठाच्या बर्फाचा घाव सोसून, ते मूळ आत अंधारात आपलं काम करत बसलं होतं. कोणी बघत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. मी रडले. चक्क भोकाड पसरलं. आय म्हणाली, "आता रडून घे, मंग डॉक्टरीणबाईला फोन लाव."

उरलेले डोस तिनं घेतले. बर्फ साधा, मीठ नाही, मी चहालासुद्धा उठले नाही. बेनचे डोस आधी संपले होते, तरी शेवटच्या वेळी त्या आयला भेटायला आल्या, आणि दोघींनी एकमेकींचे हात उलटेपालटे करून नखं तपासली.

नख आलं. पण किती हळू येतं ते मी तेव्हा बघितलं. पार्लरमध्ये बायका म्हणतात, नखं भराभर वाढतात, दर पंधरवड्याला यावं लागतं. भराभर कुठलं! महिन्याला जेमतेम एका मुगाच्या जाडीएवढं, आणि आयचं तर त्याहून कमी. खालच्या मांसावर बारीक उभे चर असतात, त्यांतून ते सरकत दारासारखं पुढे येतं, मांसाला धरून. आधी पातळ, वाकडं, कागदासारखं. आयने त्यावर पट्टी बांधून त्याला सांभाळलं. मधे कधीतरी चंद्र दिसायला लागला. त्या दिवशी तिनं मला कामावर फोन केला. मी गिऱ्हाइकाचा हात तसाच सोडून ऐकलं.

तिच्या सगळ्याच नखांवर आडवे चर पडले होते, अंगठ्यावर सगळ्यांत खोल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की औषधाच्या धक्क्याने मूळ काही काळ थबकतं, काम मंदावतं, त्याची ही खूण. खूण पडली की पुसता येत नाही, ती नखाबरोबर पुढे सरकते. मी घासून सपाट करून देते म्हटलं, तर आयने हात मागे घेतला. त्या चराच्या पुढचं नख आजारातलं, फिकट, ठिसूळ. मागचं नवं, जाड आणि गुलाबी. चर सरकत होता आणि आम्ही बघत होतो.

केस आखूड कुरळे आले तेव्हा आय बाजारात परत बसायला लागली, आधी अर्धा दिवस. एक दिवस मी सुट्टी काढून तिच्या ओट्यावर गेले होते, पाटी उचलायला कोणी हवं म्हणून. ती कोळंबी सुरीने सोलत होती, हळूहळू, आणि मला ते बघवत नव्हतं. जुनं गिऱ्हाईक आलं, एक म्हातारे काका, म्हणाले, "काय गं, सुरी घेतलीस?" एवढंच म्हणाले. आयने सुरी खाली ठेवली.

तिनं कोळंबीचं डोकं मुरगळलं, पोटाच्या बाजूने अंगठा घातला आणि रेटा दिला. कट असा आवाज आला. मी ओरडलेच. नख तुटलं होतं. बरोबर त्या चरावर, आडवं, जणू आखून ठेवलं होतं. पुढचा ठिसूळ भाग उडाला, आणि टरफल उघडलं होतं. आयने अंगठ्याकडे क्षणभर बघितलं. राहिलेली धार सरळ होती. मग पाठीवरून तीच धार फिरवली आणि काळा दोरा ओढला. अख्खा आला.

मी खाली वाकून टरफलांचा ढीग चाळायला लागले. का ते मला सांगता यायचं नाही. मला तो तुकडा हवा होता. इतके महिने आम्ही त्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तो असा ओल्या घाणीत पडलेला मला बघवेना. पण कोळंबीची टरफलं आणि ते नख, दोन्ही तसलीच पातळ, तसलीच आरपार. हाताला काही वेगळं लागेना.

"काय शोधतेस गो?"

"नख. तुझं."

आय दुसरी कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे तितंच. आजार घरी न्यायचा हाय काय?"